परसात फुलपाखरं नांदावीत म्हणून: गोव्यातल्या घरासाठी पहिल्या वर्षाची आखणी

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटलं की बहुतेक जण आधी नर्सरीत जातात आणि रंगीबेरंगी फुलांची रोपं घेऊन येतात. फुलपाखरं येतातही, पण मध पिऊन पुढे निघून जातात. ती परसातच जन्मावीत, वाढावीत असं वाटत असेल तर आधी सुरवंटांच्या पोटाची सोय करावी लागते. फुलपाखराला बहुतेक कुठल्याही फुलातला मध चालतो. सुरवंटाचं तसं नसतं. प्रत्येक जातीचा सुरवंट ठरावीक झाडांचीच पानं खातो आणि ती मिळाली नाहीत तर उपाशी मरतो. मादी म्हणूनच अंडं घालण्याआधी पानावर बसून पायांनी त्याची चव घेते. आपल्या पिल्लाचं पान हेच, अशी खात्री पटली तरच अंडं घालते.

या पानांच्या झाडाला मराठीत खाद्यवनस्पती म्हणतात. लेखभर हा शब्द पुन्हा पुन्हा येईल, कारण सगळं काम तिच्यापासूनच सुरू होतं.

पहिली पायरी: काही लावण्याआधी परसात फिरून या

गोव्यातल्या जुन्या घराभोवती निम्मी खाद्यवनस्पती आधीच असते. ती ओळखायची आणि तोडायची नाही, एवढं पहिल्या आठवड्याचं काम. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, ऊन असताना, हातात वही घेऊन एक फेरी मारा.

आंब्यापासून सुरुवात करा. कॉमन बॅरन नावाचं तपकिरी-हिरवट फुलपाखरू आंब्याच्या आणि काजूच्या पानांवर वाढतं. त्याचा सुरवंट हिरवा असतो, अंगावर दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे असतात आणि पाठीवरून एक फिकट रेघ जाते. तो पानाच्या मधल्या शिरेवर असा काही लांबलचक पडून राहतो की ती रेघ शिरेवर बसते आणि काटे पानात मिसळून जातात. समोर असूनही दिसत नाही. पान तिरकं धरून, उजेडाकडे करून बघायची सवय लावून घ्या. त्याच आंब्याच्या फांदीवर बांडगूळ असेल तर ते सगळं काढून टाकू नका. पांढऱ्या पंखांवर काळ्या शिरा आणि खालून पिवळ्या-लाल ठिपक्यांची किनार असलेलं कॉमन जेझबेल बांडगुळाच्या पानांवरच अंडी घालतं, तीही ओळीने, एका ठिकाणी पुष्कळशी. झाड फारच पोखरलं गेलं असेल तर बांडगूळ कमी करा, पण एखादी फांदी राहू द्या.

माड आणि पोफळीवर कॉमन पामफ्लाय असतं. सावलीत, कुळागराच्या कडेने, खाली खाली उडणारं काळपट फुलपाखरू दिसलं तर बहुधा तेच. हळद लावली असेल तर श्रावणात पातोळ्यांसाठी पानं तोडताना नीट बघा. पानाची कड दुमडून रेशमाने चिकटवलेली दिसली की आत ग्रास डेमनचा सुरवंट असतो. ते पान सोडून शेजारचं घ्या. आल्याच्या पानांवरही तो असतो. दालचिनीचं झाड असेल तर कॉमन ब्लूबॉटल आणि कॉमन माइम या दोघांची सोय झालेली असते. सोनचाफा, सीताफळ, रामफळ किंवा कुंपणाजवळ लावलेला उंच खोटा अशोक यांवर टेल्ड जे वाढतं. काळ्या पंखांवर पोपटी ठिपके असलेलं हे फुलपाखरू एका जागी क्षणभरही थांबत नाही.

बांगड्याच्या हुमणात घालतो ते तिरफळ हे तर मोठ्या फुलपाखरांचं घरच. त्याच्या पानांवर रेड हेलन वाढतं, आणि केरळचं राज्य फुलपाखरू असलेलं मलबार बँडेड पीकॉकही. सत्तरी, सांगे, काणकोण या डोंगराच्या बाजूला राहत असाल आणि परसात तिरफळाचं झाड असेल तर त्याला कुऱ्हाड लावण्याआधी शंभरदा विचार करा.

आणि तायकिळो, म्हणजे आपला टाकळा. पहिल्या पावसानंतर तो उगवतो, कोवळा असताना भाजीसाठी खुडतो आणि उरलेला तण म्हणून उपटून टाकतो. एका कोपऱ्यात तो मोठा होऊ द्या. मॉटल्ड एमिग्रंट आणि छोटं पिवळं कॉमन ग्रास यलो ही दोन्ही त्यावर वाढतात. घोळीच्या भाजीचंही तसंच. ती डॅनाइड एगफ्लायची खाद्यवनस्पती आहे. या जातीच्या नराच्या काळ्या पंखांवर मोठे पांढरे गोल असतात आणि मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. प्लेन टायगर विषारी असल्याने पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि त्या भीतीचा फायदा ही मादी घेते.

दुसरी पायरी: जागा ठरवा

ऊन हवं. फुलपाखराचं रक्त थंड, त्यामुळे पंख उन्हात पसरून अंग तापवल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. फुलझाडांसाठी दिवसात निदान पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा निवडा, शक्यतो सकाळच्या उन्हाची. समुद्राजवळच्या घरांना वाऱ्याचा त्रास असतो. तिथे चिऱ्यांच्या कुंपणाच्या आतल्या बाजूला किंवा जास्वंदीच्या कुंपणाच्या आडोशाला वाफा करा. चिऱ्याची भिंत तापते आणि सकाळी फुलपाखरं तिच्यावर बसून ऊन खातात, हा वेगळाच फायदा. कढीपत्ता, दालचिनी, हळद यांना थोडी सावली चालते, म्हणून ती मागच्या बाजूला गेली तरी हरकत नाही.

तिसरी पायरी: खाद्यवनस्पती लावा, मोजक्याच पण जोडीने

पावसाळा हीच लागवडीची वेळ. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जूनच्या पहिल्या जोरदार सरी ओसरल्या की रोपं जमिनीत गेली पाहिजेत, म्हणजे पावसानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर या फुलपाखरांच्या भरात, त्यांना पालवी असते. खड्ड्यात पाणी साचणार नाही एवढी काळजी घ्या. आपली लाल माती निचऱ्याची असली तरी अंगणातली तुडवून घट्ट झालेली असते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी चारच झाडं निवडावीत, असं माझं मत आहे.

कढीपत्ता आणि लिंबू आधी. या कुळातल्या झाडांवर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय ही दोन फुलपाखरं हमखास येतात, शहरातसुद्धा. नशीब असेल तर नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉनही. काळे मखमली पंख आणि त्यांवर निळ्याचा पट्टा असलेलं हे देखणं फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, पण ते गोव्यातही मुबलक आहे. लिंबाबरोबर तोरंज किंवा बेलही त्याला चालतो. कढीपत्त्याची मात्र दोन रोपं लावा, एक स्वयंपाकघरासाठी, एक सुरवंटांसाठी. कुंडीतलं छोटं रोप तीन-चार सुरवंट सहज निष्पर्ण करतात. पावसाळ्यात पानं पुन्हा फुटतात, घाबरू नका.

तिसरं झाड हळदीकुंकू. लाल-पिवळ्या फुलांचं हे झुडूप खरं तर अमेरिकेकडून आलेलं, पण प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर त्यावर आनंदाने वाढतात. जागा असेल तर त्याऐवजी रुई लावा, ती आपली देशी, आणि समुद्राजवळच्या वाळूतही तगते. या दोन्ही झाडांचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. छाटणी केल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना हात लावायचा नाही, मुलांनाही हे आधीच सांगून ठेवा. हळदीकुंकवाच्या शेंड्यांवर पिवळा मावा पडतो. त्यावर काहीही फवारू नका, पाण्याची जोरदार धार पुरते. धार मारण्याआधी अंडी आहेत का ते बघा.

चौथी सापसण, म्हणजे ईश्वरीची वेल. मिळवायला कष्ट पडतात, पण या एका वेलीवर क्रिमझन रोझ, कॉमन रोझ आणि सदर्न बर्डविंग ही तिन्ही अवलंबून असतात. काळ्या आणि सोनेरी-पिवळ्या पंखांचं सदर्न बर्डविंग आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एक. पूर्ण पंख पसरले की १४० ते १९० मिलिमीटर भरतं. घाटाजवळच्या गावात ते परसात येण्याची शक्यता खरीच आहे, पणजी-मडगावात कमी. वेल घेताना एक खबरदारी घ्या. शोभेसाठी विकतात त्या मोठ्या जांभळट फुलांच्या परदेशी जाती घेऊ नका. त्यांच्यातल्या काहींवर मादी फसून अंडी घालते आणि सुरवंट मात्र जगत नाहीत. देशी वेलीची फुलं लहान असतात. जंगलातून उपटून आणू नका, बिया किंवा कलम मिळवा.

पुढच्या वर्षी यात भर घालायला कितीतरी आहे. कृष्णकमळावर टॉनी कॉस्टर येतं, पांढऱ्या चित्रकाच्या कळ्यांवर चिमुकलं झेब्रा ब्लू, कोरांटीवर लेमन पॅन्सी. कण्हेरीवर कॉमन क्रो वाढतं आणि त्याचा कोष चांदीसोन्याचा मुलामा दिल्यासारखा चमकतो. कण्हेर विषारी आहे, लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरी ती कुंपणाबाहेर असलेली बरी. अंगणात जागा मोठी असेल तर बाहवा लावा, कॉमन एमिग्रंटचे थवे येतील.

चौथी पायरी: मधाची फुलं

इथे जास्त डोकं खपवायचं कारण नाही. लहान लहान फुलांचे गुच्छ असलेली झाडं निवडा आणि एकाच जातीची पाच-सात रोपं जवळजवळ लावा. एकटंदुकटं फूल फुलपाखराच्या नजरेत भरत नाही. पेंटास, झिनिया, कॉसमॉस, सदाफुली ही कुठेही मिळतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पावसाच्या तोंडावर रोपं विकायला असतात, तिथेही बघा. पिटकोळी, म्हणजे इक्झोरा, मात्र हवीच. तिच्या लांब नळीच्या फुलांतला मध मॉरमॉनसारखी लांब सोंडेची फुलपाखरं पितात, आणि मंकी पझल नावाचं छोटं फुलपाखरू तिच्या पानांवर वाढतं. लाल जास्वंद एकेरी पाकळ्यांची लावा. दुहेरी पाकळ्यांच्या संकरित फुलांत मधापर्यंत सोंड पोचतच नाही.

भर पावसात फुलं कमी पडतात. त्या दिवसांसाठी दिंडा आणि पॅगोडा फ्लॉवर लावून ठेवा. दिंड्याच्या बारीक हिरवट-पांढऱ्या फुलांकडे माणूस ढुंकून बघत नाही, पण पाऊस थोडा थांबला की त्यावर फुलपाखरांची झुंबड असते. उरलेल्या काळात तुळशीच्या मंजिऱ्याही छोट्या निळ्या फुलपाखरांना उपयोगी पडतात. मंजिऱ्या खुडताना काही ठेवा.

घाणेरीबद्दल नेहमी विचारलं जातं. तिच्यावर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती परदेशातून आलेली, भराभर पसरून रानातली देशी झुडपं दाबून टाकणारी वनस्पती आहे. पक्षी तिची फळं खाऊन बिया लांब लांब नेतात. परसात आपणहून लावू नये. पेंटास तेच काम करतो.

ब्लू टायगर आणि क्रो या कुळातल्या नरांना खुळखुळ्याचं भलतं वेड. त्याच्या सुकलेल्या पानांतून, शेंगांतून ते जो रस शोषतात त्यातूनच मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो. खुळखुळ्याची एखादी फांदी मोडून सुकत टांगली तरी ऑक्टोबरात त्यावर नर लगडलेले दिसतात.

पाचवी पायरी: चिखल आणि बोंडू

मधात साखर असते, क्षार जवळजवळ नसतात. ते मिळवायला नर ओल्या मातीवर बसतात, कधी एकटे, कधी मोठ्या जमावाने. मोलेच्या बाजूला ओढ्याकाठी हे दृश्य सहज दिसतं. परसात त्यासाठी मातीचं पसरट ताट घ्या, त्यात वाळू आणि लाल माती भरा, थोडं शेण मिसळा आणि वरून पाणी शिंपडून ओल कायम ठेवा. पाणी साचू देऊ नका, त्यात डास होतील. ताट उन्हात ठेवा.

काही जाती फुलांकडे फिरकतच नाहीत. बॅरन, ब्लॅक राजा, नवाब यांना आंबलेलं फळ हवं. काजूच्या हंगामात, मार्च ते मे, बिया काढल्यावर चार बोंडू झाडाखाली ठेवा. ते कुजू लागले, आंबूस वास सुटला की ही फुलपाखरं आपसूक येतात. इतर दिवसांत काळं पडलेलं केळं किंवा फणसाचे गरे चालतात. ताटली उंचावर, दोरीने टांगलेली असावी आणि दोरीला तेल लावावं, नाहीतर मुंग्या आधी पोचतात.

सहावी पायरी: फवारणी बंद

यात तडजोड नाही. कीटकनाशक सुरवंट आणि कीड यांत फरक करत नाही. "सेंद्रिय" म्हणून विकली जाणारी बीटी पावडर, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, ही तर मुळात सुरवंट मारण्यासाठीच असते. कडुनिंबाचं तेलही खाद्यवनस्पतीवर मारू नका. नर्सरीतून आणलेल्या रोपावर आधी फवारणी झालेली असू शकते. आणल्यावर पानं धुवा, काही आठवडे थांबा, नवी पालवी आली की मग ती सुरवंटांसाठी सुरक्षित समजा.

जानेवारी-फेब्रुवारीत परसातला पातेरा गोळा करून जाळायची आपल्याकडे रीत आहे. त्या पाचोळ्यात कोष असतात, इव्हिनिंग ब्राऊनसारखी फुलपाखरं दिवसभर दडून बसलेली असतात. झाडांच्या बुंध्याशी त्याचा थर राहू द्या. गवतही एकदम सगळं कापू नका, अर्धं आज, अर्धं महिन्याने.

सुरवंट दिसला, आता काय?

काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर गोल अंडं दिसलं की रोज एकदा त्याच्याकडे नजर टाका. तीन-चार दिवसांत बारीक सुरवंट बाहेर येतो आणि बहुधा आधी अंड्याचं कवचच खातो. मॉरमॉनचा लहान सुरवंट काळपट-पांढरा, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो. त्याला खाण्याची इच्छा कुणाला होणार? चार वेळा कात टाकून तो मोठा होतो, शेवटच्या टप्प्यात हिरवागार. त्याला काडीने हलकं डिवचलं तर डोक्यामागून लाल दुभंगलेली शिंगं बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. हा बचाव मुंग्या-कोळ्यांसाठी असतो, माणसाला त्याने काही होत नाही. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नका. शेवग्यावर झुंडीने दिसणारे केसाळ सुरवंट पतंगांचे असतात आणि त्यांच्या केसांनी अंगाला खाज सुटते.

दोन-तीन आठवड्यांनी सुरवंट एके दिवशी झाडावरून नाहीसा होतो. तो मेलाच असं नाही. कोष करण्यासाठी तो लांब जातो, खिडकीखाली, भिंतीच्या सांदीत, कुंडीच्या कडेला. त्या दिवसांत भिंती झाडूने साफ करू नका. कोष आजूबाजूच्या रंगाप्रमाणे हिरवा किंवा तपकिरी होतो. पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी कवचातून पंखांचे रंग दिसू लागले की दुसऱ्या सकाळी लवकर उठा. फुलपाखरू बाहेर आल्यावर ओले, चुरगळलेले पंख लोंबते ठेवून तासभर तसंच राहतं. त्या वेळी त्याला स्पर्श केला तर पंख कायमचे वाकडे होतात.

बरेचसे सुरवंट मोठे होणार नाहीत, हे आधीच मनाला सांगून ठेवा. शिंपी आणि बुलबुल आपल्या पिल्लांना त्यांनाच भरवतात, गांधीलमाश्या उचलून नेतात, काही परजीवी माश्या त्यांच्या अंगातच अंडी घालतात. हुमले, म्हणजे मुंग्या, झाडावर चढत असतील तर बुंध्याला पाण्याचा वेढा देता येतो, पण एवढ्यावरच थांबा. सुरवंट डब्यात बंद करून वाढवण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली काही फुलपाखरांना संरक्षणही आहे, त्यामुळे पकडणं, टाचणी लावून ठेवणं हे विषयच सोडून द्या.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या बाल्कनीत हे सगळं लहान प्रमाणात होतं. मोठ्या कुंडीत कढीपत्ता, एक लिंबू, हळदीकुंकवाच्या दोन कुंड्या, पसरट ताटात घोळ आणि कठड्यावर पेंटास, एवढं पुरे. सोसायटीत डासांसाठी धूर मारणार असतील त्या दिवशी कुंड्या आत घ्या.

नोंद ठेवा, आणि एकदा प्रियोळला जाऊन या

कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, काय दिसलं हे लिहून ठेवा, फोटोसह. पंख उघडे असतानाचा एक आणि मिटलेले असतानाचा एक असे दोन फोटो घ्या, कारण बऱ्याच जाती खालच्या बाजूच्या नक्षीवरूनच ओळखू येतात. ओळख पटत नसेल तर 'आयनॅचरलिस्ट' किंवा 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळांवर तपासा. सप्टेंबरात देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' असतो, त्यात आपल्या परसातल्या नोंदीही देता येतात.

फोंडा तालुक्यात प्रियोळजवळ पिसगाळला 'बटरफ्लाय कन्झर्व्हेटरी ऑफ गोवा' ही खुली बाग आहे. जाळी नाही, पिंजरा नाही. खाद्यवनस्पती आणि फुलझाडं लावली म्हणून फुलपाखरं तिथे येतात. ऑक्टोबरात, उन्हाच्या सकाळी जा आणि झाडांची नावं टिपून आणा. मलबार ट्री निम्फसारखी दाट, दमट जंगलातली फुलपाखरं आपल्या परसात येणार नाहीत. त्यांच्यासाठी नेत्रावळी किंवा म्हादईच्या रानातच जावं लागतं. पण टिपलेल्या यादीतलं कोणतं झाड आपल्याकडे रुजेल ते शेजाऱ्यांबरोबर बसून ठरवा. एकाने सापसण लावली, दुसऱ्याने दालचिनी, तिसऱ्याने बाहवा, तर चार कुंपणांमध्ये मिळून वाड्यावरच्या फुलपाखरांची सोय होते आणि पुढच्या जूनला कुणी काय लावायचं हेही ठरून जातं.